वाइड बेल्ट सँडर : घाई केली की माल गेला

आमचा धंदा कापडाचा. पण काही वर्षांपूर्वी दुकानासाठी व्हिनियरचे पल्ले एका कारखान्यात करायला दिले आणि वाइड बेल्ट सँडरशी आमची ओळख झाली, तीही नुकसानीतून. बारा पल्ले मशीनमधून निघाले ते कडेचे व्हिनियर उडून, आतला बोर्ड उघडा पडलेला. मालकाने कारागिराच्या पगारातून पैसे कापले. त्या बिचाऱ्याला बटणे दाखवली होती. मशीन कोणी समजावले नव्हते. पुढे जाणत्या मिस्त्रींकडे बसून आम्ही जे विचारून घेतले, ते आमच्या कारागीर बांधवांसाठी येथे देत आहोत.

या मशीनमध्ये खालचा सरकता पट्टा माल पुढे नेतो आणि वर रोलरवर पॉलिशपेपरचा रुंद पट्टा फिरतो. हाताने घासणाऱ्याची बोटे उंचसखल ओळखतात. मशीन ओळखत नाही. जी जाडी लावली तेथपर्यंत ते कापते. व्हिनियर तर पुष्कळदा अर्धा मिलिमीटरच असते. म्हणून माल घालण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याची जाडी चारही कोपऱ्यांवर मोजावी आणि सर्वांत जाड तुकड्यावर मशीन लावावे. व्हिनियरच्या कामात तर चिकटवण्यापूर्वीच आतला बोर्ड एकसारखा करून घ्यावा. नंतर फक्त हलका हात फिरवायचा असतो.

दुसरी गोष्ट नंबरांची. भरीव लाकडाला ८०, मग १२०, मग १८० असा क्रम ठेवावा. प्रत्येक पट्ट्याचे काम एकच, आधीच्या पट्ट्याचे ओरखडे काढणे. ८० नंबरनेही एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरच्या आतच काढावे; १८० ने एक दशांश मिलिमीटरहून कमी. वेळ वाचवण्यासाठी ८० वरून एकदम १८० वर उडी मारली, तर बारीक पट्टा भुशाने भरतो, तापतो आणि लाकूड जाळतो. राहिलेले ओरखडे पॉलिश चढल्यावर गिऱ्हाइकालाच दिसतात.

दोष कोठे आहे, हे माल स्वतः सांगतो. नागमोडी रेघ आली, तर पट्ट्यावर एके ठिकाणी डिंक किंवा भुसा बसला आहे. सरळ रेघ आली, तर पट्ट्यामागच्या दाबपट्टीवर काही अडकले आहे. सारख्या अंतरावर आडव्या खुणा उमटल्या, तर पट्ट्याचा जोड किंवा रोलर तपासावा. काळे डाग म्हणजे पट्टा बोथट झाला किंवा काप जास्त लावला. छोटे तुकडे एकाच बाजूने न घालता पूर्ण रुंदीवर फिरवून घालावेत, म्हणजे पट्टा सारखा झिजतो.

पट्ट्याची पाठ कागदाची किंवा कापडाची असते. ओल धरली की कापड सैल पडते, हे आम्हा कापडवाल्यांना कोणी शिकवायला नको. कागदी पट्ट्याच्या कडा तर पावसाळ्यात वळतात. पट्टे ओल्या भिंतीला टेकवू नयेत. खोक्यातून काढून जाड नळीवर टांगावेत. चढवताना आतल्या बाणाची दिशा पाहावी.

जुन्या लाकडातले खिळे आधी काढावेत. खिळा पट्टा फाडतो आणि त्याची ठिणगी भुशाला लागली तर आग लागते. भुसा ओढणारा पंखा आधी, मशीन नंतर. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा तोंडावर मास्क हवाच.

शेवटी, प्रत्येक नव्या कामाला आधी एक रद्दी तुकडा घालून पाहावा. एका तुकड्याची किंमत ती काय? मालकांनी हे कारागिराला आधी समजावले, तर पगार कापण्याची वेळ येणार नाही. माल वाचेल आणि माणूसही टिकेल.