पंखा फक्त चारवरच का फिरतो?



आपल्यातल्या काही गटांकडे आता स्वतःची चारचाकी आहे. कुणी तीतून पापड-मसाले बाजाराला नेतं, कुणी शाळेची मुलं ने-आण करतं, आणि रात्री-अपरात्री गावातल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायलाही तीच गाडी निघते. गाडी सगळ्यांची, म्हणून तिचा खर्चही सगळ्यांच्या खिशातून. म्हणूनच आज आम्ही गाडीतल्या एका लहानशा बिघाडाबद्दल बोलणार आहोत.

तक्रार अशी असते: "आतला पंखा एक, दोन, तीनवर फिरतच नाही. चारवर टाकला की मात्र वादळासारखा सुटतो." या पंख्याला गॅरेजमध्ये ब्लोअर म्हणतात. हीटर लावा, एसी लावा, नाहीतर नुसती हवा घ्या, हवा ढकलायचं काम हाच एक पंखा करतो. हीटरची ऊब गाडीत येते ती इंजिनातल्या गरम पाण्यापासून, पण ती आपल्यापर्यंत पोचवतो हा पंखा.

कुणी म्हणेल, "चारवर चालतोय ना, मग चालू दे." पण दोन कारणांसाठी तसं सोडू नये. पहिलं, काच. पावसाळ्यात गाडीत सात-आठ जणी बसल्या की श्वासाची वाफ थंड काचेवर धरते आणि समोरचं दिसेनासं होतं. आंबोली किंवा माळशेजसारख्या घाटात, धुक्यात, हा पंखाच काच स्वच्छ ठेवतो. आज तीन वेग गेलेत, उद्या चौथाही गेला तर वळणावर चालकाने फडक्याने काच पुसत बसायचं का? दुसरं कारण आगीचं. बिघाडाच्या मुळाशी कधीकधी तापलेली, वितळू लागलेली वायर असते. ते पुढे सांगतो.

तिसरी गोष्ट पैशाची. "ब्लोअरची मोटर गेली, नवी टाकावी लागेल," असं ऐकलं की आपण मान डोलावतो. पण जरा विचार करा. मोटर खरंच जळाली असती, तर ती चारवर तरी कशी फिरली असती?

वेग कमी होतो कसा?

घरातल्या सीलिंग फॅनचा जुना, चौकोनी, मोठा रेग्युलेटर आठवा. पंखा हळू ठेवला की तो हाताला कोमट लागायचा. त्याच्या आत तारेची वेटोळी असायची. वीज त्या तारेतून अडखळत जायची, पंख्याला कमी मिळायची, आणि अडलेल्या विजेची उष्णता व्हायची. गाडीतही तेच आहे. पंख्याच्या वाटेवर एक लहानसा भाग बसवलेला असतो, त्याचं नाव रेझिस्टर. त्यात सहसा तारेची तीन वेटोळी एकापुढे एक जोडलेली असतात.

बटण एकवर ठेवलं की वीज तिन्ही वेटोळ्यांतून जाते, म्हणून पंखा सगळ्यांत हळू. दोनवर दोन वेटोळी, तीनवर एकच. आणि चारवर? चारवर वीज रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरीकडे जाते. एवढं लक्षात राहिलं तर बाकी सगळं आपोआप उलगडतं.

दिवाळीच्या जुन्या दिव्यांच्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझायची. वेटोळ्यांचंही तसंच. मोटरीजवळचं वेटोळं तुटलं तर एक, दोन, तीन हे तिन्ही वेग जातात, कारण तिघांची वाट त्याच्यातूनच जाते. मधलं तुटलं तर एक आणि दोन जातात. टोकाचं तुटलं तर फक्त एक जातो. शिवाय रेझिस्टरवर उष्णतेने तुटणारा एक बारीक फ्यूज असतो. भाग फार तापला की आग लागू नये म्हणून तो स्वतः तुटतो. तो गेला की तिन्ही कमी वेग एकदम बंद, आणि चार तेवढा चालू.

कोणता वेग गेला, ते आधी लिहा

गॅरेजला जाण्याआधी हे काम आपलं आपणच करायचं. गाडी सपाट जागी उभी करा, किल्ली ऑनवर आणा, इंजिन सुरू नसलं तरी चालेल. फक्त बॅटरी उतरू नये म्हणून पाच मिनिटांत आटपा. पंख्याचं बटण एकेका आकड्यावर ठेवा, कान द्या, जाळीपुढे हात धरा आणि वहीत लिहा.

- एक, दोन, तीन बंद, चार चालू: संशय रेझिस्टरवर किंवा त्याच्या कप्लरवर, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लास्टिकच्या तोंडावर.
- फक्त एक बंद, किंवा एक आणि दोन बंद: बहुधा रेझिस्टरचं एखादं वेटोळं तुटलंय.
- मधलाच एक वेग बंद, त्याच्या खालचा आणि वरचा चालू: वेटोळं तुटलं असतं तर खालचाही गेला असता. म्हणून इथे बटणाच्या आतला संपर्क किंवा त्या एका वेगाची वायर पाहायची.
- फक्त चार बंद, बाकी चालू: रेझिस्टर ठीक आहे. चारची थेट वाट तपासा, म्हणजे बटण, वायर, आणि काही गाड्यांत चारसाठी असलेला वेगळा रिले किंवा फ्यूज.
- सगळेच बंद: आधी ब्लोअरचा फ्यूज पाहा. तो ठीक असेल तर रिले, बटण, अर्थची वायर आणि मग मोटर.

एक अपवाद लक्षात ठेवा. म्हातारी झालेली मोटर, म्हणजे आतले ब्रश झिजलेली किंवा बेअरिंग जड झालेली, कमी विजेवर उठतच नाही आणि चारवर मात्र फिरते. अशा वेळी कमी वेगावर बारीक घुंई आवाज येतो, किंवा डॅशबोर्डखाली हलकीशी थाप दिली की पंखा सुरू होतो. त्या दोन खुणा दिसल्या तर वहीत जरूर लिहा.

ज्या गाडीत बटणाऐवजी तापमान आपोआप सांभाळणारी यंत्रणा आहे, तिथे तारेच्या वेटोळ्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक भाग असतो. तिला वरची यादी लागू पडत नाही.

रेझिस्टर कुठे असतो आणि कसा तपासायचा?

बहुतेक गाड्यांत तो चालकाच्या शेजारच्या सीटपुढे, डॅशबोर्डच्या कप्प्यामागे किंवा त्याच्या खाली असतो. एक कप्लर आणि दोन-तीन स्क्रू, एवढंच. तो हवेच्या नळीत घुसवलेला असतो, कारण पंख्याची हवा लागून तो थंड राहावा अशी सोय आहे.

हात घालण्याआधी किल्ली काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. पंखा नुकताच चालू असेल तर अर्धा तास थांबा, नाहीतर बोट पोळेल. पिवळ्या रंगाच्या वायर किंवा कप्लर दिसले तर त्यांना हात लावू नका. त्या सहसा एअरबॅगच्या असतात.

कप्लर काढून नीट पाहा. प्लास्टिक तपकिरी झालंय का, एखादी पिन काळी पडली आहे का, जळका वास येतो का? मग मल्टीमीटर ओहमवर लावून रेझिस्टरच्या दोन-दोन पिनांना टोकं टेकवा. चांगल्या वेटोळ्यावर लहानसा आकडा दिसतो, अर्ध्या ओहमपासून काही ओहमपर्यंत. मीटर काहीच आकडा दाखवत नसेल तर ती वाट तुटलेली आहे. मीटर नसेल, तर हीच तपासणी मिस्त्रीला आपल्यासमोर करायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

जळाला का, हेही शोधा

खरी गोम इथे आहे. नवा रेझिस्टर टाकला, महिन्याभरात तोही गेला, असं पुष्कळदा होतं. रेझिस्टर स्वतःहून क्वचितच मरतो, त्याला कुणीतरी तापवतं.

पहिला गुन्हेगार म्हणजे अडलेली हवा. गाडी कडुनिंबाखाली किंवा चिंचेखाली उभी असते. बारीक पानं काचेखालच्या जाळीतून आत जातात. गाडीत हवेची गाळणी असेल तर ती आपल्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर भरते. गोदामाशेजारच्या गाडीत उंदीर कापूस आणि भुसा आणून घर करतात, वायरही कुरतडतात. हवा अडली की रेझिस्टर थंड होत नाही.

दुसरा गुन्हेगार जड फिरणारी मोटर. तिला फिरायला जास्त करंट लागतो. इथे एक हिशेब पाहा. घरातला ६० वॅटचा पंखा २३० व्होल्टवर साधारण पाव अँपिअर ओढतो. गाडीत १२ व्होल्टच असतात, म्हणून तेवढ्याच ६० वॅटला ५ अँपिअर लागतात. वेग वाढला की आणखी. म्हणून गाडीत सैल कप्लर फार लवकर तापतो आणि वितळतो. वितळलेल्या कप्लरमध्ये नवा रेझिस्टर खोचणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. कप्लरही बदला.

तिसरा म्हणजे पाणी. काचेखालची पन्हळ पानांनी तुंबली की पावसाचं पाणी आत उतरतं आणि पिना गंजतात. मृगाच्या आधी घराची कौलं आपण जशी शाकारतो, तशी ही जाळी आणि पन्हळ दर वर्षी साफ करा. पैसाही लागत नाही.

हे मात्र कधीच करू नका

तुटलेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका. २० अँपिअरच्या फ्यूजच्या जागी ३० चा बसवू नका. रेझिस्टरवरचा उष्णतेचा फ्यूज वायरने जोडून "चालू करून देतो" असं कुणी म्हणालं, तर स्पष्ट नाही म्हणा. तो भाग प्लास्टिकच्या नळीत बसलेला असतो. त्याचं शेवटचं राखण काढून घेतलं, तर तापलेली तार आणि प्लास्टिक यांच्यामध्ये कुणीच उरत नाही.

गॅरेजमध्ये काय बोलायचं?

"पंखा बिघडलाय" एवढंच सांगू नका. वही उघडा आणि सांगा, "एक, दोन, तीन बंद आहेत, चार चालू आहे. आधी रेझिस्टर आणि कप्लर तपासा, मोटर मोकळी फिरते का ते दाखवा, आणि मग खर्च सांगा." रेझिस्टर मोटरीपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो, दुकानात दोन्हींचे भाव विचारून घ्या. काढलेला जुना भाग मागून घ्या. काम झालं की चारही वेग तिथेच चालवून पाहा, आणि अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर जळका वास येतो का ते बघा. बिल गटाच्या फाइलला लावताना त्यावर तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहा. तोच भाग पुन्हा गेला, तर किती दिवसांत गेला हे कागदच सांगेल.

मैत्रिणींनो, मोटर दुरुस्त करायला आपण शिकलोच पाहिजे असं नाही. पण कोणता वेग गेला आणि कोणता राहिला, हे ज्या बाईच्या वहीत लिहिलेलं आहे, तिला कुणी नको तो खर्च सहज गळ्यात घालू शकत नाही. या आठवड्याच्या बैठकीत गाडी अंगणात उभी करा, सगळ्याजणी मिळून चारही वेग तपासा. गाडी चालवणारी एकच असली, तरी ऐकणारे कान सगळ्यांकडे आहेत.