न उघडता आतलं कळतं का? ट्रान्सफॉर्मर आणि अनुमान

मागच्या वेळी आपण डोंगरावरचा धूर पाहिला आणि त्यावरून अग्नीचं अनुमान केलं. आज डोंगराऐवजी एक लोखंडी टाकी घेऊ. वीज उपकेंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर, सरकारी मराठीत रोहित्र.

आत तेलात बुडालेली तांब्याची गुंडाळी असते. बाहेर जवळपास शॉर्ट सर्किट झालं, की तिच्यावरचं बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. प्रवाह दहापट, तर बल शंभरपट! वेढे सरकतात, चेपतात; आणि गंमत अशी, की ट्रान्सफॉर्मर तरीही चालत राहू शकतो. पुढच्या धक्क्याला मात्र तो जळू शकतो. मग आज चालू करायचा, की तेल काढून उघडायचा?

१९७८ साली कॅनडातल्या डिक आणि अर्व्हन यांनी यासाठी एक पद्धत मांडली. गुंडाळीच्या एका टोकाला काही व्होल्टचा संकेत द्यायचा, त्याची वारंवारता साधारण २० हर्ट्झपासून २ मेगाहर्ट्झपर्यंत चढवत न्यायची आणि दुसऱ्या टोकाला किती पोचतो ते टिपायचं. वेढ्यांमधलं अंतर बदललं, की धारिता बदलते आणि आलेखावरचे चढउतार जागा सोडतात. मडकं घेताना आपण बोटाने वाजवून बघतो ना, तसंच. फरक एवढाच, की इथे ‘चांगला आवाज’ असा कुठला नसतोच. ह्याच मडक्याचा जुना आवाज लागतो. म्हणून कारखान्यातून निघतानाचा आलेख जपून ठेवायचा.

बरं, आलेख बदलला म्हणजे गुंडाळी वाकलीच का? नाही. आधी डीसी प्रवाहाने रोध मोजला असेल, तर गाभ्यात चुंबकत्व उरतं आणि कमी वारंवारतेचा भाग सरकतो. टॅप वेगळा असेल, अर्थिंगची तार वेगळी जोडली असेल, तरी आलेख सरकतो. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील: साध्य नाही तिथेही सापडणारी खूण. माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे, यंत्रात नाही. २०१२ चं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा मोजायचं कसं ते बांधून देतं. अर्थ कसा लावायचा, याचे नियम घालत नाही.

जुना आलेख नसेल तर? तिन्ही फेज एकमेकांशी ताडून बघतात. पण तीन खांबांच्या गाभ्यात मधल्या फेजचा आलेख कमी वारंवारतेला वेगळा दिसतो. कडेच्यांना दोन खळगे, मधल्याला एक. तो बिघाड नव्हे. मधल्या खांबातून चुंबकीय प्रवाहाला दोन्हीकडे सारखी वाट मिळते, म्हणून.