रांगडा गडी चित्रात कसा दिसावा?

गॅदरिंगचं नाटक बसवायला घेतलं की गुरुजींपुढे पहिला पेच उभा राहतो तो नायकाचा. कथा गावाकडची असते. नायक शेतकरी, नाहीतर मावळा. मग वर्गातला सर्वांत उंच आणि त्यातल्या त्यात उजळ मुलगा उभा केला जातो, काजळाने त्याला मिशा काढतात, डोक्याला फेटा बांधतात आणि झाला रांगडा गडी तयार! नाटकच कशाला, शाळेच्या भिंतीवरचं चित्र घ्या, ग्रामपंचायतीच्या फलकावरचा शेतकरी घ्या किंवा एखाद्या मेळाव्याची जाहिरात घ्या. निवड बहुधा याच रीतीने होते. तेव्हा मंडळी, रांगडा पण देखणा पुरुष म्हणून कोणाचं चित्र पुढे ठेवावं, याचा आज जरा निवांत विचार करू या.

'रांगडा' हा शब्द पूर्वी काही कौतुकाचा नव्हता. ओबडधोबड, धसमुसळ्या, चारचौघांत कसं वागावं हे न कळणाऱ्या माणसाला रांगडा म्हणत. देखण्या पुरुषासाठी 'राजबिंडा' हा निराळा शब्द होता. त्यात वाड्याची सावली आहे. उन्हाचा चटका नाही. आज आपण 'रांगडा' कौतुकाने म्हणतो, म्हणजे उन्हात राबलेल्या अंगालाही एक रूप असतं हे आपण कबूल केलं. चांगलं झालं. पण ते रूप नेमकं कशात असतं, हे मात्र आपण चित्रकारावर आणि छापखान्यावर सोपवून मोकळे झालो.

आता असं पाहा. बैलबाजारात एखादा लालकंधारी खोंड उभा आहे. जाणता शेतकरी नुसती उंची पाहून इसार देतो का? तो दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो, डोळ्यांत बघतो. बैलाच्या बाबतीत आपण इतके चोखंदळ, आणि माणसाचं चित्र निवडताना मात्र छाती आणि मिशी एवढ्यावरच सौदा पक्का करतो!

या चुकीचं मोठं उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शिवछत्रपतींचं म्हणून जे एक चित्र सर्रास छापलं जाई, ते महाराजांचं नव्हतंच. मनुची नावाच्या इटालियन प्रवाशाच्या संग्रहातलं, इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं ते चित्र होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही गफलत दाखवून दिली आणि १९३३ साली डचांच्या जुन्या ग्रंथातलं महाराजांचं चित्र लोकांपुढे ठेवलं. पुढे महाराष्ट्र शासनाने कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांचं चित्र अधिकृत म्हणून स्वीकारलं. पण तोवर किती घरांतून त्या दुसऱ्याच चित्राला हार घातले गेले असतील! दाढी होती, रुबाब होता, एवढ्यावर आपण समाधान मानलं.

आणि महाराजांना त्या काळच्या लोकांनी पाहिलं होतं, ते काय सांगतात? १६६४ साली सुरतेच्या इंग्रज वखारीत एस्कॅलिऑट नावाचा पाद्री होता. प्रत्यक्ष पाहिलेल्यांकडून ऐकून त्याने पत्रात वर्णन लिहून ठेवलं. त्याचा आशय असा की उंची बेताची, अंग ताठ आणि प्रमाणशीर, हालचालीत चपळाई, बोलताना हसल्यासारखा चेहरा, नजर तीक्ष्ण आणि रंग इतरांपेक्षा उजळ. दोन-तीन वर्षांनी हिंदुस्थानात आलेला तेव्हेनो हा फ्रेंच प्रवासीही उंची कमीच सांगतो, पण रंग मात्र सावळा म्हणतो, आणि डोळे तरतरीत, बुद्धीची चमक असलेले. रंगाबद्दल दोघांचं जुळत नाही, डोळ्यांबद्दल जुळतं. छातीचं माप दोघांपैकी कोणी देत नाही. शिक्षकांनी ही दोन वर्णनं मुलांना सांगावीत आणि मग चौकाचौकांतले पुतळे पाहायला लावावेत. मुलं आपणहून प्रश्न विचारतील.

आपल्या जुन्या शिल्पकारांचंही मत या बाजूचं दिसतं. औंढा नागनाथ १९९९ पर्यंत आपल्या परभणी जिल्ह्यातच होतं; आता ते हिंगोलीत आहे. तिथल्या यादवकालीन मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर मूर्तींची रांगच रांग आहे. दर्शन घेऊन घाईने परत फिरू नका. प्रदक्षिणेच्या वाटेवर थांबून पुरुषमूर्ती बघा. खांदे रुंद, कंबर बारीक, पण दंडावर गाठी नाहीत, पोटावर चौकटी नाहीत. जुन्या शिल्पपरंपरेत पुरुषाच्या धडाला गाईच्या मुखाची उपमा आहे, वर रुंद आणि खाली निमुळतं. हाताला कोवळ्या केळीच्या खांबाची, खांद्याला हत्तीच्या मस्तकाची. सगळ्या उपमा गोठ्यातल्या, बागेतल्या, रानातल्या.

मग छाती फुगलेला गडी आला कुठून? काही छापील चित्रांतून, बराचसा पडद्यावरून. तरी पडद्याला सरसकट दोष देता येणार नाही. भालजी पेंढारकरांनी चंद्रकांत मांडरे यांना पुढे आणलं, १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी' चित्रपटात नायक केलं. आणि हा मर्दानी नायक कुंचला हातात धरणारा चांगला चित्रकारही होता. कोल्हापुरात त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. रांगडेपणाला नाजूक हात चालतो, तो असा.

आणखी एक माणूस आठवा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा वजनगट किती होता? ५७ किलोचा! मापाने पाहिलं तर आपल्या नाटकात त्यांना भालदाराचं काम मिळालं असतं.

हे एवढं ताणून धरायचं कारण आहे. परभणीचा पोरगा बहुधा सावळा असतो, काटक असतो. शाळा सुटल्यावर कापूस वेचायला जातो, सोयाबीनच्या राशीवर उभा राहतो. तो भिंतीवरच्या रांगड्या गड्यात स्वतःला शोधतो आणि सापडत नाही. मग गोरं करणारं मलम येतं, दंड फुगवणारी भुकटी येते. पैसे जातात, तेवढ्यावर भागलं तरी बरं. त्याहून वाईट गोष्ट दुसरीच आहे. चित्रातल्या त्या गड्याचे ओठ कायम मिटलेले असतात. तो कोणाशी बोलत नाही, थकत नाही, कोणाच्या खांद्यावर मान टेकत नाही. मराठवाड्यात नापिकीने आणि कर्जाने किती घरांतले कर्ते पुरुष गेले, हे तुम्हांला मी सांगायला नको. त्यांतल्या अनेकांनी आदल्या दिवसापर्यंत घरात अवाक्षर काढलेलं नव्हतं. याला चित्र कारण आहे असं म्हणणं वेडेपणाचं ठरेल. कारणं पावसात, बाजारभावात आणि सावकाराच्या वहीत आहेत. पण पुरुषाने बोलायचं नसतं, हे मुलगा लहानपणी कुठे ना कुठे शिकतो, आणि आपण लावलेली भिंत त्या जागांपैकी एक आहे.

तर निवडायचं कसं? आधी गावातल्या बायकांना विचारा. देखणा बाप्या कोण, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं आणि त्यांचं उत्तर बहुधा आपल्या अंदाजाबाहेरचं निघतं. मग त्या माणसाला काम करताना बघा: औत हाकताना, मोटार दुरुस्त करताना, वासराला पाजताना, लेकराला खांद्यावर घेऊन जत्रेतून येताना. फोटो घ्यायचा तर सकाळी दिवस उगवल्यावर किंवा कलत्या उन्हात घ्या. माथ्यावरच्या उन्हाने डोळ्यांत सावल्या पडतात, आणि डोळेच तर आपल्याला हवेत. हात चौकटीत येऊ द्या, नखांतली माती राहू द्या. हसत असेल तर हसू द्या. आजच्या मोबाईलमध्ये कातडी आपोआप गुळगुळीत आणि उजळ करण्याची सोय असते. ती आधी बंद करा.

चित्रकलेच्या तासाला हाच धडा उलटा घेता येतो. मुलांना 'रांगडा माणूस' काढायला सांगू नका. 'तुझ्या घरातला, सर्वांत जास्त कष्ट करणारा माणूस काढ' असं सांगा. काही मुलं आईचं चित्र काढतील. काढू द्या.

आणि कोणाचं चित्र भिंतीवर लावायचं ठरलं, तर त्याला आधी विचारा, आणि खाली त्याचं नाव ठळक अक्षरांत लिहा. फलकांवरच्या शेतकऱ्याला बहुतेक वेळा नावच नसतं.