सात इंचाची बैठक

सकाळी ७:००
गुरुवार. भोसरी एमआयडीसीची सुट्टी. एरवी या वेळी टेम्पोंमुळे रस्ता ओलांडता येत नाही. आज एक कुत्रं मधोमध झोपलंय. फोमच्या शेडचं शटर अर्धं वर आहे. आत दादा बँडसॉची पट्टी ताणतायत. गिअरबॉक्स, हेडलाइट, काचा ज्या ट्रेमधून चाकणच्या कारखान्यांत जातात, त्या ट्रेमधले फोमचे साचे कापणं हे त्यांचं रोजचं काम.

आजचा जॉब जमिनीवर पडलाय. लाल कयाक. प्लॅस्टिकची, चपटी, टोकं एवढी पातळ की आत पाण्याची बाटलीही आडवी जाणार नाही. मालक चाकणला नोकरीला असलेला इंजिनिअर. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि दोन पात्यांचं वल्हं मारतात. याला त्याच होडीत गुडघ्यांवर बसून एका पात्याचं वल्हं मारायचंय. म्हणजे वरून झाकलेला कनू. खेळातले लोक त्याला सी-वन म्हणतात.

"तयार मिळत नाही का?" दादा.
"इथं कुठं मिळायला, काका. आणि बाहेरून मागवायची म्हणजे..." तो पुढचं बोलत नाही.

सकाळी ७:२०
लाईट साडेनऊला जाणार. गुरुवारी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. म्हणून मशीनचं सगळं काम आधी.

पण त्याआधी माप. दादा एक इंच जाडीचे फोमचे तुकडे रचतात आणि इंजिनिअर साहेबाला त्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसवतात. पावलं मागे, तळवे वर. चार तुकड्यांवर घोटे दुखतात. नऊवर गुडघ्यांना आराम, पण अंग डुलायला लागतं. पाण्यात ते डुलणं म्हणजे उलटणं. या होडीचं पोट आधीच लहान. एकेक तुकडा काढत सातवर थांबतात. रुंदी मांड्यांमध्ये सहा इंच दोन सूत. दादा माप कागदावर लिहीत नाहीत, फोमवरच पेनाने लिहितात.

सकाळी ७:५०
माल क्रॉसलिंक फोम, काळा, उरलेल्या तुकड्यांतला. शेडमालकाने किलोच्या भावाने दिलाय: १२० रुपये. काट्यावर अडीच किलोच्या जरा वर. साधा पांढरा ईपीई स्वस्त पडला असता, पण तो दाबला की दबलेलाच राहतो.

तुकडे जोडायला सोल्युशन नाही. हीट गन. दोन्ही तोंडांवरून गरम हवा फिरवायची, पृष्ठभाग चकाकला की लगेच एकावर एक ठेवून दाबायचं. दुसरी संधी नाही. वाकडं बसलं तर बसलं. दादा ठेवतात, वर गुडघा टेकवतात, मनात काहीतरी मोजतात. सहा सांधे झाले तरी एकही कड सरकलेली नाही. मी बाजूला उभं राहून पाहिलं तरी ते नेमके कधी ठेवतात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सकाळी ८:४०
बँडसॉवर ठोकळ्याचा आकार. पुढे अरुंद, मागे रुंद, वर बसायला उथळ खोलगा. खाली आरपार एक खाच, पट्टा जायला. फोम कापताना ब्लेडचा आवाज जवळजवळ येतच नाही. काळा भुसा मात्र भुवयांपर्यंत.

सकाळी ९:३५
लाईट गेली. पाच मिनिटं उशिरा. टपरीवरून तीन कटिंग, तीस रुपये, साहेबाकडून.

सकाळी ९:५०
कयाकची जुनी सीट काढायची. चार बोल्ट. एक गंजून बसलाय, त्याला तेल सोडून ठेवलं. पाय टेकायच्या पट्ट्याही बाहेर. समोरच्या भागात तळापासून छतापर्यंत फोमची एक उभी भिंत आहे. साहेबाला ती पूर्ण काढायची होती, गुडघ्यांना जागा होईल म्हणून. दादांनी वरून तळवा दाबून पाहिला.

"ही काढली तर वरचं खाली येईल. तुमचे पाय आत असताना."

खरंच आहे. धबधब्याच्या पाण्याचा दाब वरच्या पातळ प्लॅस्टिकवर पडला की तीच भिंत त्याला धरून ठेवते. गुडघे तिच्या दोन्ही बाजूंनी गेले. फक्त मागची चार बोटं कापली.

सकाळी ११:१५
बैठक नेमकी कुठे? पाय पुढे पसरलेले असताना त्यांचं वजन पुढे असतं. दुमडले की ते मागे येतं, आणि होडी शेपटीवर बसते. म्हणून बैठक जुन्या सीटपेक्षा पुढे हवी. किती, यावर दोघांचं अर्धा तास चालतं. शेवटी होडीखाली पाइपचा तुकडा घालतात आणि तोल बघतात: आधी जुन्या सीटवर साहेब, मग बैठकीवर साहेब. दोन इंच पुढे. खडूची रेघ.

दुपारी १:००
डबा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं. दादा अंबाजोगाईकडचे. महिन्याला सतरा हजार, गुरुवारच्या अशा कामाचे वेगळे.

साहेब नदीचं सांगतो. कोलाडला कुंडलिका. तिचं खळाळतं पाणी मुळशी धरणाचं. डोंगरातून भिऱ्याला उतरतं, १९२७पासून तिथं वीज करतं, मग नदीत सुटतं. सकाळी सुटलं की राफ्टवाले धावतात. नाही सुटलं तर दगड मोजत बसा. ज्या मुळेवर ते धरण आहे ती इकडे दापोडीवरून जाते. महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेत स्लालमच्या शर्यती होतात, तिथेही त्याला जायचंय.

"म्हणजे बायकापण असं गुडघ्यावर बसून?" दादांनी त्याच्या मोबाइलवरचा व्हिडिओ बघत विचारलं.
"टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आहे, काका."
दादा व्हिडिओ पुन्हा लावतात. बघतायत ते घोटे.

दुपारी २:१०
कयाकच्या पॉलिएथिलीनला काहीच धड चिकटत नाही. तळ पॉलिश पेपरने खरवडला, मग गॅसच्या छोट्या बर्नरची निळी ज्योत झपकन फिरवली. थांबली तर भोक. सोल्युशन दोन्हीकडे, पंधरा मिनिटं वाळू द्यायचं, बोटाला लागेनासं झालं की दाबायचं. तरी भरवसा त्यावर नाही. बैठकीखालच्या खाचेतून सीटबेल्टची पट्टी काढली. ती पुढून वर येते, दोन मांड्यांवरून जाते आणि बाजूला सीटच्याच जुन्या भोकांत अडकते. स्टीलचे चार बोल्ट, रबरी वॉशर, नायलॉक नट: ७२ रुपये. पट्टी भंगारातली, साठ रुपये. सोल्युशनचा डबा २८०. बैठक जागेवर दाबून धरायला शेडमधले दोन रॅचेट पट्टे आवळले.

दुपारी ४:०५
लाईट आली. गुडघ्यांखालच्या गाद्या हीट गनने वाकवून बसवल्या.

दुपारी ४:४०
रॅचेट सोडले. साहेब आत, पट्टे आवळलेले. दादा आणि मी होडी फोमच्या ढिगावर उलटी करतो. बकलचं टोक ओढायचं, बाहेर यायचं. टोक सुटलं, उजवा पाय आला, डावा आला नाही. आतून शिवी ऐकू आली. सरळ केली. डावं पाऊल बैठकीच्या मागच्या कडेत अडकत होतं.

दादा कानस घेऊन आत डोकं घालतात. दोन सूत. पुन्हा उलटी. पुन्हा अडकलं, पण कमी. आणखी एक सूत. तिसऱ्यांदा तो सरळ घसरत बाहेर आला.

"अजून एकदा," दादा म्हणाले. मग आणखी एकदा. साहेब कंटाळला तरी दादा नाही कंटाळले.

संध्याकाळी ६:१०
हिशेब. फोम, पट्टी, बोल्ट, सोल्युशन मिळून सातशे तीस. मजुरी नऊशे. साहेब दोन हजार देतो. दादा सुटे शोधतात, तो नको म्हणतो, दादा दोनशे परत देतात आणि उरलेले खिशात घालतात. कयाक गाडीच्या टपावर चढली. बांधायला साहेबाने तेच दोन रॅचेट पट्टे उचलले.

"ते मंगळवारपर्यंत परत आणा," दादा शटर ओढत म्हणतात. "टेम्पो भरायचाय."