हिरव्याच्या आधी

ड्रॅग शर्यतीचा निकाल पहिल्यांदा वाचणारा एका ठिकाणी हमखास अडखळतो. समजा, ३.७३० सेकंदांत अंतर कापणारी गाडी हरली आणि ३.७६० सेकंद घेणारी जिंकली. हा छपाईचा घोळ नव्हे. इथे प्रत्येक गाडीमागे घड्याळं दोन असतात.

शर्यत सरळ रेषेत, दोन गाड्यांची. अंतर परंपरेने पाव मैल, म्हणजे १,३२० फूट. टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान गटात अमेरिकेतली एनएचआरए ही संस्था २००८ पासून १,००० फुटांचीच शर्यत घेते. पूर्वी एक माणूस झेंडा दाखवून गाड्या सोडायचा, आणि मग वादही व्हायचे. १९६३ मध्ये त्याच्या जागी दिव्यांचा खांब आला. त्याला म्हणतात ख्रिसमस ट्री.

लोक खांबाकडे बघतात, पण खरी गंमत जमिनीलगत आहे. तिथे ट्रॅकवर दोन आडव्या प्रकाशरेषा असतात, एकमेकींपासून ७ इंचांवर. पुढच्या चाकाने पहिली अडवली की प्री-स्टेजचा दिवा लागतो, दुसरी अडवली की स्टेजचा. दोन्ही गाड्या सज्ज झाल्या की पिवळे दिवे सुटतात. प्रो ट्रीमध्ये तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. फुल ट्रीमध्ये ते अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकेक करून लागतात.

हिरवा लागल्यापासून चाक दुसरी रेषा मोकळी करेपर्यंतचा वेळ म्हणजे रिअ‍ॅक्शन टाइम. अचूक सुटलात तर ०.०००. आता धावण्याच्या शर्यतीत ०.१ सेकंदाच्या आत हललेला खेळाडू फाउल धरतात. मग इथे ०.०४० कसं जमतं? कारण हिरव्यासाठी कुणी थांबतच नाही. पिवळा दिसला की चालक गाडी सोडतो. डोळ्यापासून पायापर्यंतचा वेळ, यंत्राला लागणारा वेळ आणि चाक साधारण फूटभर सरकून रेषा सुटेपर्यंतचा वेळ, हे सगळं त्या ०.४ सेकंदात बसवायचं असतं. काही जण चाक मुद्दाम आणखी पुढे नेऊन उभे राहतात. याला डीप स्टेजिंग म्हणतात. त्यात रेषा लवकर सुटते, पण लाल दिव्याचा धोकाही वाढतो.

दुसरं घड्याळ, ईटीचं (म्हणजे अंतर कापायला लागलेल्या वेळेचं), चाकाने रेषा सोडल्यावरच सुरू होतं. म्हणजे चालक हिरव्यावर दोन सेकंद डुलक्या काढत बसला, तरी त्याच्या ईटीला धक्का नाही! निकाल मात्र दोन्हींच्या बेरजेवर. वरच्या उदाहरणात हरलेल्याचा रिअ‍ॅक्शन टाइम ०.०९० धरा, जिंकलेल्याचा ०.०४५. बेरीज ३.८२० विरुद्ध ३.८०५. फरक ०.०१५ सेकंदाचा, ताशी ५३० किलोमीटर वेगात तो दोन मीटरांहून जास्त भरतो. अशा विजयाला ‘होलशॉट’ म्हणतात, आणि माझ्या मते चालकाचं कसब त्यातच दिसतं, कारण ईटीचं निम्मं श्रेय इंजिन बांधणाऱ्यांचं असतं.

हिरव्याआधी रेषा सुटली तर लाल दिवा लागतो. समोरचा नीट सुटला असेल, तर शर्यत तिथेच हातची गेली; मग पुढे ईटी कितीही चांगला येवो.