अंगठ्याची साक्ष
(लेखमाला : ओळख आणि खाजगीपण – लेखांक तिसरा)

गेल्या लेखांकात पासवर्ड आणि ओटीपी यांचा, म्हणजे माणसाला जे ठाऊक असते किंवा त्याच्या हाती जे असते त्यावरून ठरणाऱ्या ओळखीचा, विचार झाला. या आठवड्यात माणसाच्या देहावरूनच ठरणाऱ्या, बायोमेट्रिक या नावाने आता खेडोपाडी परिचित झालेल्या ओळखीकडे वळावयाचे आहे. आणि या ओळखीची निकड किती जुनी आहे हे पाहण्यासाठी आपल्या जालना जिल्ह्यातूनच आरंभ करता येतो.

उदगीरच्या विजयानंतर सदाशिवरावभाऊ उत्तरेच्या मोहिमेवर निघाले ते परतूरच्या मुक्कामावरून, १७६० च्या मार्च महिन्यात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ते नाहीसे झाले. परंतु ते खरोखरच रणात पडले की कोठे दडून राहिले, याविषयीचा लोकांच्या मनातील संशय फिटला नाही, त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत, आणि त्याच संशयाच्या आधाराने ‘मीच भाऊसाहेब’ म्हणणारा तोतया उभा राहिला. चौकशी झाली, भाऊंना प्रत्यक्ष ओळखणाऱ्यांच्या साक्षी झाल्या, तो खोटा ठरून कैदेत पडला. तरीही १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटताच कोकणातील अनेक किल्ले आणि हजारो माणसे त्याला मिळाली, व त्याला देहान्त शासन होईपर्यंत ते बंड शमले नाही. ज्या राज्याच्या दप्तरात गावोगावच्या जमाखर्चाची रुजुवात होत असे, त्या दप्तरात आपल्याच सेनापतीच्या देहाची रुजुवात घेता येईल अशी एकही नोंद नव्हती. साक्षीदारांची स्मृती, चेहऱ्याचे साम्य आणि ऐकीव खुणा एवढ्यावरच सारा निवाडा अवलंबून होता, आणि ज्यांना तो मान्य करावयाचा नव्हता त्यांनी तो मान्य केला नाही.

त्या काळच्या महजरांवर आणि वतनपत्रांवर पाटलाची निशाणी नांगर असे, शेट्याची तराजू असे. पण ती निशाणी वतनाची होती, माणसाची नव्हती. माणसाच्या स्वतःच्या देहाची खूण सरकारी कामात आली ती बंगालमध्ये. विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने १८५८ मध्ये एका ठेकेदाराने पुढे करार नाकारू नये म्हणून करारपत्रावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, आणि पुढे १८७७ च्या सुमारास हुगळी येथे निवृत्तिवेतनधारकांचे ठसे घेण्याचा प्रघात पाडला. कारण मृत माणसाच्या नावावर दुसराच कोणी वेतन उचलून नेई. हयातीच्या दाखल्यासाठी आज नोव्हेंबरात यंत्रावर अंगठा ठेवणारे आपल्याकडील वृद्ध निवृत्त शिक्षक नकळत त्याच प्रघातात उभे असतात. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी ठशांचे वर्गीकरण गणिताच्या आधारे बसविले, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. ती पद्धत जगभर गाजली ती मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. या दोघांचे श्रेय त्यांना पुरतेपणी मिळाले नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

बोटाच्या टोकावरील सूक्ष्म वरंबे गर्भावस्थेतच घडतात, आणि पुढे शरीर वाढले तरी त्यांची मांडणी तीच राहते. कोठे एखादा वरंबा मध्येच संपतो, कोठे त्याला फाटा फुटतो. यंत्र बोटाचे चित्र घेते खरे, परंतु ताडून पाहते ते प्रामुख्याने अशा बिंदूंची स्थाने आणि त्यांच्या दिशा. जुन्या नोंदीतील बिंदू आणि नव्या ठशातील बिंदू यांचा मेळ किती बसतो याचे ते गुण देते, आणि ते गुण ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर ‘होय’, अन्यथा ‘नाही’ असे कळविते. म्हणजे यंत्राचा ‘होय’ हा निःसंशय सत्याचा उद्गार नसून संभाव्यतेचा कौल असतो. ही मर्यादा कडक ठेवली तर तोतया अडतो, पण खरा माणूसही अधिक वेळा अडतो. ती सैल केली तर खरा माणूस सुटतो आणि त्याच्याबरोबर तोतयालाही वाट मिळते. एकाच वेळी दोन्ही चुका शून्यावर आणणारे यंत्र अद्याप झालेले नाही, म्हणून कोणती चूक कोणाच्या माथी मारावयाची हा प्रश्न अखेर तंत्रज्ञाचा राहत नाही, राज्यकर्त्याचा होतो.

ती चूक कोणाच्या माथी येते हे पाहावयाचे असेल तर कापूस वेचणीच्या दिवसांत अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातील एखाद्या रेशन दुकानापुढे उभे राहावे. बोंडांच्या वाळलेल्या, टोकदार पाकळ्यांनी बोटांची कातडी जागोजाग फाटलेली असते. ऊसतोडीहून परतलेल्या हातांना कोयत्याचे घट्टे असतात. ज्या बीजोत्पादनासाठी जालना देशभर ओळखला जातो, त्यातील फुलांचे पुंकेसर काढणारी बोटेही हंगामभर तेच नाजूक, पण न थांबणारे काम करीत असतात. पॉस मशीनच्या काचेवर अंगठा टेकतो, लाल दिवा लागतो. “मावशी, थंब लागना, दुसरं बोट ठेवा,” दुकानदार म्हणतो. बाई पदराला बोट पुसते, तोंडाजवळ नेऊन त्यावर ऊन श्वास सोडते, पुन्हा टेकते. मग डावा अंगठा, मग मधले बोट. रांगेतील कोणी तेल लावायला सांगते, कोणी हात धुऊन यायला. तेवढ्यात रेंज जाते, आणि आता दोष बोटाचा की जाळ्याचा हेही कळेनासे होते. पाठीमागे उभी असलेली सारी वाडी तिला जन्मापासून ओळखते. परंतु त्या ओळखीला तेथे काहीच मोल उरलेले नसते.

या प्रसंगी कायदा त्या बाईच्या बाजूचा आहे, आणि हे तिला कोणी तरी सांगितले पाहिजे. रेशन बंद झालेल्या झारखंडातील एका कुटुंबातील बालिकेच्या मृत्यूने देशभर क्षोभ उसळल्यावर, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्र सरकारने आधार नाही किंवा ठसा जुळत नाही या कारणावरून कोणाचे धान्य रोखू नये असे राज्यांना बजावले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधार योजना वैध ठरविली, तेव्हाही ठसा न जुळल्यामुळे हक्कदार वंचित राहू नये हे तत्त्व मान्य केले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तर आपल्या भिन्नमत निकालपत्रात संपूर्ण कायद्यालाच हरकत घेतली. ज्या महाराष्ट्रातील टेंभली गावी, नंदुरबार जिल्ह्यात, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले, त्या महाराष्ट्रात तरी प्रत्येक दुकानी ठशाशिवायची पर्यायी वाट ठळक अक्षरांत लिहिलेली असावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आता खाजगीपणाविषयी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि बायोमेट्रिकच्या बाबतीत त्या हक्काला विशेष धार येते. किल्ली चोरीस गेली तर कुलूप बदलता येते. अंगठा बदलता येत नाही. म्हणूनच आधार कायद्याने बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद कोणालाही देण्यास मनाई केली आहे. पण ठसा केवळ आधारच्या सुरक्षित कोठारातच असतो असे नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील खरेदीखतांवर तो उमटलेला असतो, आणि देशाच्या काही भागांत अशा दस्तांच्या प्रतींवरून अंगठ्याची नक्कल तयार करून गरिबांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे उघडकीस आले. यावर तजवीज म्हणून २०२३ पासून आधारच्या पडताळणीत बिंदूंबरोबर बोटाचे चित्रही तपासून, समोरचे बोट जिवंत माणसाचे आहे की नकली, याची शहानिशा होऊ लागली. हा उपाय स्वागतार्ह आहे. तरीही ज्या कामाला ठसा लागतच नाही तेथे तो मागणाऱ्याला, मग ते दुकान असो वा शिकवणी वर्ग, ‘कशासाठी?’ असे विचारण्याचा संकोच कोणीही बाळगू नये.

ज्यांच्या खात्यातून आधारवरून पैसे काढले जातात त्यांनी आपले बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे. ही सोय आधारच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल ॲपवर विनामूल्य आहे. रेशन आणावयास किंवा पैसे काढावयास जाताना ते तात्पुरते उघडता येते. मात्र त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला असावा लागतो, आणि घरातील एकच फोन मुलगा पुण्याला किंवा कारखान्यावर घेऊन गेला असेल तर ही सोय असून नसल्यासारखी होते. अशा कुटुंबांनी आधार केंद्रावर जाऊन प्रथम क्रमांक बदलून घ्यावा, आणि तेथे गेल्यावर झिजलेल्या बोटांचे ठसे व बुबुळांची नोंदही अद्ययावत करावी. १९४७ या दूरध्वनी क्रमांकावर मराठीतूनही चौकशी करता येते. पाच आणि पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांची नोंद नव्याने करावी लागते, तीही याच फेरीत उरकून घेता येईल.

पुढील लेखांकात चेहऱ्यावरून होणाऱ्या ओळखीचा विचार करू. तेथे माणसाने बोट पुढे करण्याचीही गरज उरत नाही. त्यामुळे संमती घ्यावयाची कोणाची, कधी आणि कोणी, हा प्रश्न अधिकच बिकट होतो.