बँकॉकची कोंडी आणि तेथील परकीय रहिवासी

एखाद्या देशाच्या राजधानींत सरकाराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले म्हणजे त्या प्रसंगाची हकीकत देतांना वर्तमानपत्रें बहुधा दोनच पक्ष मोजतात. एक सरकार व दुसरे आंदोलक. परंतु प्रत्येक राजधानींत एक तिसरा वर्गही राहात असतो. त्यास मताचा अधिकार नसतो, त्या देशाचें नागरिकत्व नसतें; पण त्याचें दुकान, त्याची नोकरी व त्याच्या मुलांची शाळा हीं सर्व त्याच रस्त्यांवर असतात. हा वर्ग म्हणजे परकीय रहिवाशांचा. २०२२ सालीं कोलंबोंत व २०२४ सालीं ढाक्यांत सरकारें उलथलीं, तेव्हां तेथेंही आपले देशबांधव व्यापारानिमित्त व शिक्षणानिमित्त राहात होते. म्हणून अशा रहिवाशानें यजमानाच्या घरांतील भांडणाकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, हा प्रश्न आमच्या वाचकांस अगदींच परका नाहीं. त्याचा विचार करावयास सयाम, म्हणजे आजचा थायलंड, या देशाच्या राजधानीचें २०१३-१४ चें आंदोलन फार उपयोगी आहे. कारण तें सहा महिन्यांहून अधिक चाललें, आणि बँकॉकांत परकीयांचे जितके प्रकार आढळतात तितके थोड्याच शहरांत आढळतील.

मूळ हकीकत थोडक्यांत अशी. १ नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे तेथील प्रतिनिधिगृहानें एक सर्वव्यापी माफीचें बिल संमत केलें. २००६ च्या लष्करी उठावांत पदच्युत झालेले माजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात्रा यांस शिक्षेवांचून स्वदेशीं परतण्याची वाट त्या बिलानें मोकळी होत होती, आणि त्या वेळच्या पंतप्रधान यिंगलक या त्यांच्याच धाकट्या भगिनी. सिनेटनें बिल फेटाळलें, तरी राजधानींतील मध्यमवर्गाचा संताप शमला नाहीं. सुथेप थौगसुबान या विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यानें खासदारकी सोडून चळवळीचें पुढारीपण पत्करलें. ९ डिसेंबरला यिंगलक यांनीं प्रतिनिधिगृह विसर्जित केलें व २ फेब्रुवारी २०१४ ही निवडणुकीची तारीख ठरविली. एरवीं कोणतेंही आंदोलन इतक्यावर समाधान पावलें असतें. येथें मात्र आंदोलकांस निवडणूकच नको होती! 'आधीं सुधारणा, मग निवडणूक' अशी त्यांची घोषणा होती, आणि ती सुधारणा लोकांनीं न निवडलेल्या एका परिषदेनें करावयाची होती. १३ जानेवारीपासून त्यांनीं शहरांतील सात मोठीं ठिकाणें अडवून राजधानीची कोंडी केली. दक्षिणेकडील २८ मतदारसंघांत तर उमेदवारांची नोंदणीसुद्धां होऊं शकली नाहीं.

आतां परकीयांकडे वळूं. सुखुमवित रस्त्याच्या आसपास युरोपियन, अमेरिकन व जपानी लोकांची दाट वस्ती आहे, आणि त्याच रस्त्यावरील असोक चौक हा अडविलेल्या ठिकाणांपैकीं एक होता. पहिले कांहीं दिवस अनेकांस ही सारी एक जत्राच वाटली. रस्त्यावर मोटार नाहीं, उंचावरून धांवणारी आगगाडी चालू, खालीं तंबू, व्यासपीठावर गाणीं, हातांत तिरंगी फिती, गळ्यांत शिट्ट्या, आणि त्या शिट्ट्या व सदरे विकणाऱ्यांचीं दुकानें! ज्यास कामावर चालत जातां येत होतें त्याला इतकी स्वच्छ हवा त्या शहरांत पूर्वीं मिळाली नव्हती. परंतु हॉटेलवाल्याच्या खोल्या रिकाम्या पडल्या, दुकानदाराचें गिऱ्हाईक तुटलें, आणि वकिलातींनीं आपापल्या लोकांस गर्दीपासून दूर राहाण्याच्या सूचना काढल्या. ज्या चेंग वत्थना येथें परकीयांच्या परवान्यांची मुख्य कचेरी होती, तेंही ठिकाण अडविलें गेलें. देशांत राहाणाऱ्या परकीयास दर नव्वद दिवसांनीं आपला पत्ता सरकारांत कळवावा लागतो. त्याचा त्या सरकाराशीं जो कांहीं संबंध येतो तो बहुतेक याच कचेरींत. ती तात्पुरत्या जागीं हलली, तेव्हां लोकशाहीविषयीं एरवीं अवाक्षर न काढणारा मनुष्यही राजकारणावर बोलूं लागला.

आणि तो काय बोलला? येथेंच या विषयाचें मर्म आहे. परकीय हा तटस्थ असतो, दुरून पाहात असल्यामुळें त्याला दोन्ही बाजू सारख्या दिसतात, असा एक समज आहे. बँकॉकचा अनुभव याच्या अगदीं उलट आहे. ज्या परकीयाचे भागीदार, घरमालक व क्लबांतील सोबती राजधानींतील सुखवस्तु घराण्यांतले होते, तो शिट्टी गळ्यांत घालून म्हणूं लागला कीं, खेड्यांतील मतें पैशानें विकत घेतलेलीं असतात, त्यांची किंमत ती काय? उलट ज्यानें ईशान्येच्या ईसान प्रांतांतील स्त्रीशीं लग्न केलें होतें, तो सासुरवाडीच्या डोळ्यांनीं पाहूं लागला. थायलंडांत परकीयास जमीन विकत घेतां येत नाहीं. म्हणून असल्या जांवयाचें घर पत्नीच्या नांवावर, तिच्याच गांवीं. त्या गांवांतील लोकांनीं थाक्सिनच्या कारकीर्दींत स्वस्त दवाखाना प्रथमच पाहिला होता. यिंगलक यांच्या सरकारानें भात टनास १५,००० बाथ दरानें खरेदी करण्याचें वचन दिलें होतें. तें वचन पुढें नीट पाळलें गेलें नाहीं. २०१४ च्या आरंभीं शेतकऱ्यांचे पैसे महिनोन्महिने थकले, आणि त्यांतले कित्येक स्वतःच राजधानींत गाऱ्हाणें घेऊन आले. असें असूनही, सरकार बदलावयाचें तर तें आपल्या मतानें बदलावें, शहरानें परस्पर बदलूं नये, ही त्या शेतकऱ्याची समजूत आम्हांस योग्य वाटते. सारांश, दोघेही परकीय, दोघेही एकाच शहरांत. पण एकाचें मत भागीदारानें घडविलें, तर दुसऱ्याचें सासऱ्यानें.

सुधारणा हा शब्द या पत्रास प्रिय आहे, म्हणून 'आधीं सुधारणा' या घोषणेविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. आगरकर-टिळकांच्या काळांत महाराष्ट्रांत आधीं सामाजिक कीं आधीं राजकीय असा वाद झडला, त्याची आठवण ही घोषणा ऐकून कोणासही होईल. परंतु हें साम्य शब्दांपुरतेंच आहे. आमच्या सुधारकांस अडाणी समजल्या गेलेल्या लोकांस शिकवावयाचें होतें. बँकॉकच्या पुढाऱ्यांस त्यांस कांहीं काळ गप्प बसवावयाचें होतें. मतांची खरेदी होत असेल तर ती करणारा धनी पकडावा. मत देणाराचा हक्क काढून घेणें हा त्या रोगावरील उपाय नव्हे. भ्रष्टाचाराविरुद्धचा आंदोलकांचा राग खोटा नव्हता, आणि माफीचें तें बिल निंद्यच होतें. पण खऱ्या रागानें चुकीची मागणी बरोबर ठरत नाहीं.

हिंदी लोकांची गोष्ट यांत आणखी निराळी आहे. थाई भाषेंत गोऱ्या माणसास 'फरांग' म्हणतात. आपल्या 'फिरंगी' शब्दाचाच तो भाऊ. हिंदी माणसास मात्र त्यांचा शब्द 'खॅक', आणि त्याचा मूळ अर्थ पाहुणा! फाहुरातच्या कापडबाजारांत पिढ्यान्पिढ्या दुकानें चालविणारे शीख व पंजाबी व्यापारी, सिलोमकडील जवाहिरे, हे सर्व पाहुणेच. सिलोम रस्त्यावरील मारिअम्मन देवीच्या मंदिरांत थाई लोक नवस बोलतात, फुलें वाहातात, तरी त्या मंदिराचें लोकांतील नांव 'पाहुण्यांचें देऊळ' असेंच आहे.

थाई-हिंदी व्यापारी संघाचे अध्यक्ष सतीश सहगल यांनीं, त्या देशांत कित्येक दशकें काढल्यावर, आंदोलकांच्या व्यासपीठावर जाऊन भाषण केलें. २२ जानेवारीपासून आणीबाणीचा कायदा लागू झालेला होता. त्याची अंमलबजावणी पाहाणाऱ्या केंद्रानें फेब्रुवारींत सहगल यांस देशाबाहेर घालविण्याचें फर्मान काढलें. यापूर्वींही, २०१० सालीं, राजधानीचा मध्यभाग विरुद्ध पक्षाच्या लाल सदरेवाल्यांनीं व्यापला असतां, त्यांच्या बाजूनें बोलणाऱ्या एका ब्रिटिशास व एका ऑस्ट्रेलियनास असाच आणीबाणीचा कायदा दाखवून पकडण्यांत आलें होतें; आणि त्या वेळीं सरकार सुथेप यांच्या पक्षाचें होतें. म्हणजे सत्तेवर कोणीही असो, आपल्या विरुद्ध बोलणारा परकीय तेवढा आगंतुक, आणि आपल्या बाजूनें बोलणारा मात्र देशाचा मित्र!

सहगल ज्या पक्षाच्या व्यासपीठावर गेले त्या पक्षाची मागणी आम्हांस मान्य नाहीं, हें वर आलेंच आहे. तरीही त्यांच्यावरील तो हुकूम अन्यायाचा होता असें आम्ही स्पष्ट म्हणतों. ज्या मनुष्यानें आयुष्याचा मोठा भाग एका देशांत घालविला, तेथें कर भरला, तेथें माणसें पोसलीं, त्यानें त्या देशाच्या बऱ्यावाईटाविषयीं मत बाळगूं नये, ही अपेक्षा माणसाकडून नव्हे, खुर्चीटेबलाकडून करावी. मात्र व्यापारी संघाच्या अध्यक्षाचा शब्द केवळ त्याचा एकट्याचा राहात नाहीं. फाहुरातच्या दुकानदारानें कोणतेंही व्यासपीठ गांठलें नव्हतें, पण अध्यक्षाच्या भाषणानें त्याच्या दारावरही रंग लागतो. तेव्हां वैयक्तिक नात्यानें बोलण्याचा हक्क व जमातीच्या नांवानें बोलण्याचा मुखत्यारपणा हीं दोन भिन्न आहेत, एवढा विवेक आमच्या परदेशस्थ व्यापाऱ्यांनीं ठेवावा असें वाटतें.

परकीय बातमीदारांचे हाल तर दोन्हीकडून झाले. २०१० च्या एप्रिलांत एक जपानी व मे महिन्यांत एक इटालियन छायाचित्रकार गोळी लागून मेले. २५ नोव्हेंबर २०१३ रोजीं एका जर्मन छायाचित्रकारास व्यासपीठावरील वक्त्यानें बोट दाखवून शत्रुपक्षाचा ठरविलें व जमावानें त्यास मारहाण केली. परकीयांस आमचा देश कळत नाहीं, हें पालुपद आंदोलकांच्या तोंडीं नेहमींच होतें. त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. वर्षानुवर्षें राहून थाई अक्षर न वाचतां येणारे साहेब त्या शहरांत थोडे नव्हते, आणि तेच इंग्रजी पत्रांतून यजमानांस लोकशाहीचे धडे देत. १९३० सालीं मुंबईच्या फोर्टांतील युरोपियन पेढ्या सत्याग्रहाकडे केवळ धंद्याची खोटी म्हणून पाहात होत्या, हें आम्ही विसरलों नाहीं. परंतु न कळणाऱ्याला समजावून सांगावयाचें असतें.

आतां शेवटची हकीकत. २ फेब्रुवारीची निवडणूक घटना-न्यायालयानें २१ मार्चला रद्द ठरविली, ७ मे रोजीं यिंगलक यांस पदावरून दूर केलें, आणि २२ मे २०१४ रोजीं सेनापति प्रयुत चान-ओचा यांनीं राज्यसूत्रें हातीं घेतलीं. तोंपर्यंत सुमारे २८ माणसें मेलीं होतीं; २३ फेब्रुवारीला राचप्रसोंग चौकाजवळ झालेल्या स्फोटांत तर लहान मुलेंही बळी पडलीं. लष्कर आलें, रस्ते मोकळे झाले, आणि अनेक परकीय रहिवाशांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. दुकान उघडलें, मोटार चालूं लागली, मग राज्य कोणाचें कां असेना! हा निःश्वास आम्हांस समजतो. गोळे फुटणाऱ्या रस्त्यावर दुकान थाटून बसणें हें कांहीं सुखाचें नसतें. पण त्या शांततेची किंमत कोणी भरली, हेंही पाहावयास हवें. रात्रीं दहापासून पहाटे पांचपर्यंत घराबाहेर पडण्यास बंदी झाली. ती बंदी प्रथम उठली ३ जूनला, आणि ती पट्टाया, सामुई व फुकेत या प्रवाशांच्या आवडत्या ठिकाणीं. बाकीच्या देशास १३ जूनपर्यंत थांबावें लागलें. पुढील निवडणूक झाली ती थेट मार्च २०१९ मध्यें. ज्या सुथेप यांनीं लष्करास वाट करून दिली, त्यांसही फेब्रुवारी २०२१ मध्यें त्याच आंदोलनाबद्दल न्यायालयानें पांच वर्षांची शिक्षा सुनावली.

या सर्व चर्चेंत ज्यांचें नांवही कोणी घेतलें नाहीं, असे परकीय रहिवासी त्या देशांत संख्येनें सर्वांहून अधिक होते. ब्रह्मदेश, कंबोडिया व लाओस येथून आलेले मजूर हेच ते. बँकॉकच्या उंच इमारती त्यांनीं बांधल्या, मासे त्यांनीं सोलले, साहेबांचीं व शेटजींचीं घरें त्यांनींच झाडलीं. राजधानी अडली त्या महिन्यांत त्यांचें मत कोणत्याही इंग्रजी पत्रानें विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. उठावानंतर बेकायदा मजुरांची धरपकड होणार अशी आवई उठली, आणि जून २०१४ मध्यें थोड्याच आठवड्यांत दोन लाखांहून अधिक कंबोडियन, डोक्यावर बोचकीं व कडेवर मुलें घेऊन, मालमोटारींतून व आगगाडींतून पोइपेतची सीमा ओलांडून गेले. बांधकामें ओस पडलीं, मुकादम हवालदिल झाले. तेव्हां त्याच महिन्याच्या अखेरीस त्या लष्करी सरकारास या मजुरांच्या नोंदणीसाठीं जागोजाग केंद्रें उघडावीं लागलीं, आणि वर्ष संपण्यापूर्वीं त्या केंद्रांत दहा लाखांहून अधिक मजुरांनीं आपलीं नांवें नोंदविलीं.